"दूध आलं का?" : आमचे पहिले एकवीस दिवस

माझी लेक १३ ऑगस्ट २०२४ ला, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी झाली. सिझर झालं. ३७ आठवडे ४ दिवस भरले होते, पाणी कमी झालंय म्हणून डॉक्टर म्हणाल्या आता थांबायला नको. वजन २ किलो ६४० ग्रॅम. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, आमचं गाव तासगाव तालुक्यात आणि हॉस्पिटल सांगलीतलं, खासगी. हे आकडे आधीच देतेय कारण पुढे जे झालं त्यात सिझर, ३७ आठवडे आणि वजन या तिन्हींचा हात होता आणि ते मला चार दिवसांनी कळलं, आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मं रडणं वाचलं असतं.

नऊ महिने मी कळांबद्दल वाचलं, टाक्यांबद्दल वाचलं, हॉस्पिटलच्या बॅगेत काय भरायचं त्याचे व्हिडिओ बघितले. पाजण्याबद्दल एक पान वाचलं नाही. वाटलं त्यात काय वाचायचंय, आईने पाजलं, आज्जीने सहा पोरांना पाजलं, आपल्यालाही येईलच.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यायचं असतं एवढं माहीत होतं, वॉर्डच्या भिंतीवर स्तनपान सप्ताहाचं पोस्टर पण होतं. पण मला रिकव्हरीत ठेवलं आणि बाळीला वॉर्मरमध्ये, माझ्याजवळ आणली तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. कमरेखाली बधिर, लघवीला नळी (कॅथेटर), हाताला सलाईन, उताणं पडूनच राहायचं. सिस्टरने बाळीचं डोकं धरून छातीवर दाबलं, तिने दोनदा ओठ हलवले आणि झोपली. सिस्टर म्हणाली "झालं, लावलं बाळाला" आणि गेली. मला वाटलं असंच असतं. ज्यांचं सिझर ठरलेलं आहे त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की टेबलवर किंवा रिकव्हरीत बाळ छातीवर देता येईल का, बऱ्याच ठिकाणी देतात. मी विचारलंच नव्हतं.

१४ तारखेला सकाळपासून माणसं यायला लागली आणि जो येईल तो पहिलं विचारायचा, दूध आलं का? काकूने विचारलं, शेजारच्या बेडवरच्या बाईच्या सासूने विचारलं, झाडायला येणाऱ्या मावशींनी विचारलं. सगळ्यांनी मायेनेच विचारलं. पण प्रत्येक वेळी मी छाती दाबून बघायची, एखादा पिवळट चिकट थेंब यायचा आणि मी म्हणायची नाही अजून. तो थेंब म्हणजेच चीक, पहिल्या दोन-तीन दिवसांत तेवढंच येतं आणि बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सात मिली पण पुरतं, हे तेव्हा कुणी बोललं नाही. आज्जी तर म्हणाली आमच्या वेळी चीक पिळून टाकायचे. आणि मध चाटवायला सोन्याची अंगठी घेऊनच आली होती, ते मात्र डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. आज्जी थोडी नाराज झाली पण अंगठी पिशवीत ठेवली.

बाळी दिवसभर झोपलेली. सगळे म्हणाले किती शहाणी आहे, त्रास नाही. मला पण आनंदच वाटत होता. तीन तासांनी उठवायचो, ती तोंडात धरायची, दोन मिनिटं ओढायची, झोपायची. रात्री एक वाजता उठली ती थांबेचना. दीड तास रडली, मला धरता येईना, टाके दुखतायत, कुशीवर वळायला पण दुसऱ्याचा हात लागत होता. ड्युटीवरच्या सिस्टरने चिठ्ठीवर पावडरच्या दुधाच्या डब्याचं नाव लिहून दिलं, नवरा खालच्या मेडिकलमधून घेऊन आला. ४०० ग्रॅमचा डबा, सव्वाचारशे रुपये. दहा मिली वाटी-चमच्याने पाजलं आणि ती शांत झोपली. डब्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. कायद्यानेच ते लिहावं लागतं, १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या डब्याची जाहिरात करायला आणि फुकट सॅम्पल वाटायला पण त्यात बंदी आहे. तेव्हा मला कायदा वगैरे माहीत नव्हता, रात्री अडीच वाजता ते वाक्य वाचून मी तोंडावर पदर घेऊन रडले.

एक सांगते, ज्यांना वरचं दूध द्यावं लागलंय किंवा लागेल त्यांच्यासाठी. ते दहा मिली देणं चुकीचं नव्हतं, भुकेलं बाळ ओढूच शकत नाही. चुकलं ते हे की दिलं तेव्हा माझं दूध पिळून काढायला कुणी सांगितलं नाही. बाळ जेवढं ओढेल किंवा आपण जेवढं काढू तेवढं पुढचं बनतं. वरचं दूध दिलं आणि छाती तशीच राहिली तर शरीराला निरोप जातो की इथे गरज नाहीये.

१५ ऑगस्टला हॉस्पिटलमध्ये स्तनपान समुपदेशक असतात असं फाईलवर लिहिलेलं, विचारलं तर सुट्टी, उद्या येतील. समोरच्या शाळेत झेंडावंदन चाललेलं, लाऊडस्पीकर ऐकू येत होता. त्या दिवशी वजन २४५० भरलं. निपलला दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या, डावीकडे रक्त. बाळी तोंडात धरायची तेव्हा मी पायाची बोटं आवळून दहा आकडे मोजायची. सगळ्यांनी सांगितलं सुरुवातीला दुखतंच. थोडं दुखतं हे खरं आहे, पहिली काही सेकंद ओढल्यासारखं होतं, पण अख्खा वेळ दुखत असेल, सोडल्यावर निपल चपटं होऊन लिपस्टिकसारखं तिरकं दिसत असेल तर बाळाने नीट धरलेलं नाही. तसं झालं तर ओढून काढायचं नाही, तोंडाच्या कडेने करंगळी आत सारायची, पकड सुटते, मग पुन्हा लावायचं.

१६ ला सकाळी नवऱ्याने लंगोट बदलताना हाक मारली, शूच्या जागी विटकरी रंगाचा डाग होता. आम्ही घाबरलो, रक्त वाटलं. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं रक्त नाही, शू घट्ट झालीय, दूध कमी पोचतंय. वजन २३९०. म्हणजे २५० ग्रॅम कमी, साडेनऊ टक्के. पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, सात टक्क्यांच्या पुढे गेलं की पाजणं तपासायचं आणि दहाच्या जवळ आलं की डॉक्टर काळजीत पडतात. शिवाय ती छातीपर्यंत पिवळी दिसत होती. रक्त काढलं, संध्याकाळी रिपोर्ट आला, बिलिरुबीन, म्हणजे रक्तातली कावीळ, १७.४. लाईटखाली ठेवायचं. तिला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या लाईटखाली झोपवलेली बघितली आणि माझ्या मनात एकच, माझं दूध नाही म्हणून हे झालं.

आणि मग त्या बाळांच्या वॉर्डमधल्या सिस्टर भेटल्या. पन्नाशीच्या असतील, मिरजेच्या होत्या. मला व्हीलचेअरवरून नेलं, कारण दर अडीच तासांनी पाजायला बाळ बाहेर काढून अर्धा तास देत होते. मी बसले, नेहमीसारखं लावायला गेले तर त्यांनी स्टूल ओढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या "तू पाज, मी नुसती बघते." तीन दिवसांत पाच-सहा सिस्टरनी माझी छाती धरली होती, बाळाचं डोकं दाबलं होतं, पण शेजारी बसून बघितलं नव्हतं कुणीच. त्यांनी पूर्ण दहा मिनिटं बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, तू छाती बाळाकडे नेतीयस, वाकून. बाळाला छातीकडं आण. आणि ही ओढत नाहीये, नुसती चोखतीय."

मग शिकवलं. पाठीला उशी, खांदे सैल. सिझर म्हणून बाळ पोटावर नको, बगलेत घ्यायचं, उशीवर, पाय माझ्या पाठीमागे, टाक्यांवर वजन येत नाही. हात बाळाच्या डोक्यावर नाही तर मानेच्या खाली खांद्यांना, डोकं मागे झुकायला मोकळं पाहिजे. बाळाचं नाक निपलच्या समोर, तोंड समोर नाही. वरच्या ओठाला निपल घासायचं आणि थांबायचं. मी घाई करत होते, थोडं तोंड उघडलं की घालायची. त्या म्हणाल्या थांब, थांब, जांभई दिल्यासारखं मोठ्ठं उघडू दे, आता! आणि बाळाला झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून जवळजवळ नाहीच. चौथ्यांदा जमलं. दुखलं नाही. म्हणजे ओढल्याचं कळलं, पण ते सुरीसारखं दुखणं नव्हतं. आणि मग दोन-तीनदा ओढून एक छोटा थांबा आणि घशातून हलका आवाज, सिस्टर म्हणाल्या ऐक, ही गिळली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला.

त्यांनीच सांगितलं की ३७ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांची दिसतात पण झोपाळू असतात, ओढताना दमतात. कमी प्यायली की शी कमी होते, शीतून जी कावीळ बाहेर पडायची ती पडत नाही, कावीळ वाढली की अजून झोप येते आणि अजून कमी पितात. म्हणून त्यांची वाट बघायची नाही, उठवून पाजायचं, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. रडणं ही भुकेची शेवटची खूण, त्याआधी तोंड वळवतात, मुठी चोखतात, तेव्हाच घ्यायचं. ओढता ओढता झोपली की छाती हाताने हलकी दाबून धरायची, दूध तोंडात आलं की परत ओढते. आज्जीने दुसऱ्या दिवशी एक भर घातली, "लंगोट सोड, पाय मोकळे कर, कशी जागी होते बघ." खरंच व्हायची. गुंडाळलेलं बाळ उबेने झोपतंच.

आणि हाताने दूध काढायला शिकवलं. आम्ही ११०० रुपयांचा हातपंप आणला होता, त्यात चीक नुसता नळीला चिकटून राहायचा. हाताने असं, अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, आधी आत छातीकडे दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे. घासायचं नाही. पहिल्यांदा वीस मिनिटांत दोन मिली. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून घेतले, बाळीच्या गालात सोडले. रात्री चार मिली. पहाटे वाटीत आठ मिली जमले आणि मी ती वाटी आईला दाखवली, आईने हात जोडले.

डॉक्टरांनी दर वेळी पाजून झाल्यावर वीस मिली वर द्यायला लिहिलं होतं, त्यात आधी माझं काढलेलं आणि उरलेलं डब्याचं. नवऱ्याने विचारलं मिल्क बँकेतून, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध, मिळेल का. आमच्या हॉस्पिटलमध्ये नव्हती. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, देशातली पहिली, पण बँकेतलं दूध आधी कमी दिवसांच्या, आजारी बाळांना देतात आणि तेच बरोबर आहे. बाटली मात्र सिस्टरनी आणू दिली नाही. वाटी-चमचा, दर वेळी दहा मिनिटं उकळून, ते काम नवऱ्याने घेतलं. सतरा तारखेला संध्याकाळी बिलिरुबीन १३.१ आलं, लाईट काढला.

१७ च्या रात्री दूध आलं. म्हणजे सगळे ज्याला दूध आलं म्हणतात ते. दोन ते चार दिवसांत येतं, सिझरनंतर कधी कधी थोडं उशिरा. पहाटे जाग आली तर छाती दगड झालेली, काखेपर्यंत, गरम, ब्लाऊज ओला. आणि बाळीला धरताच येईना, फुगलेल्या फुग्याला तोंड लावल्यासारखं तिचं तोंड घसरायचं. मी परत रडायला लागले, आधी नव्हतं म्हणून आणि आता आलंय म्हणून. सिस्टरची ड्युटी नव्हती पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, निपलच्या भोवती बोटं ठेवून मिनिटभर आत दाबून धर, सूज मागे सरते, तेवढा भाग मऊ झाला की लगेच लाव. पाजायच्या आधी गरम पाण्यात बुडवलेला पंचा, पाजल्यानंतर गार. पूर्ण पिळून रिकामं करत बसायचं नाही, हलकं वाटेल एवढंच. दीड दिवसात उतरलं. ताप आला, एका जागी लाल चट्टा आला, अंग मोडून आलं तर घरी शेकत बसू नका, डॉक्टरकडे जा, आणि त्या बाजूने पाजणं बंद करू नका.

डिस्चार्ज रविवारी होणार होता, पण मेडिक्लेमचं काम रविवारी होत नाही म्हणून सोमवार, १९ तारीख, राखी पौर्णिमा. भावाला राखी हॉस्पिटलातच बांधली. कागद सकाळी अकराला पाठवले, मंजुरी चार चाळीसला आली. माझं बिल ६१,०००, पॉलिसीत बाळंतपणाची मर्यादा ५०,०००, वरचे आम्ही भरले. बाळीचं बिल वेगळं, लाईट दोन दिवस, रक्ताच्या चार तपासण्या, व्हिजिट मिळून ११,८५०, आणि ते कॅशलेस झालंच नाही कारण तिचं नाव पॉलिसीत नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसची पॉलिसी बाळाला पहिल्या दिवसापासून धरते पण तीस दिवसांत कळवावं लागतं. त्यामुळे बाळ झालं की त्याच दिवशी एचआरला मेल टाका, तारीख, वेळ, वजन, मुलगा-मुलगी, बस. बाळाचं डिस्चार्ज कार्ड वेगळं मागून घ्या, आमच्याकडे माझ्याच कार्डात एका ओळीत उरकलं होतं, ते परत लिहून घ्यायला तासभर गेला. सगळ्या रिपोर्टच्या ओरिजिनल. जन्माची नोंद हॉस्पिटल महापालिकेला कळवतं, एकवीस दिवसांची मुदत असते, दाखला आम्ही ५ सप्टेंबरला नावाशिवाय काढला, नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फी पण लागत नाही.

घरी आल्यावर वाटलं सुटलो, पण खरी दमणूक घरीच. पाजायचं चाळीस मिनिटं, मग वरचं द्यायचं, मग पिळायचं, वाट्या उकळायच्या, की लगेच पुढची वेळ. रात्री मी आणि नवरा आळीपाळीने रडलो असू. आईने शेगडी केली, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, खसखस, सासूबाईंनी शतावरी पाठवली. मी सगळं खाल्लं, अंगात ताकद आली, खूप बरं वाटलं. पण लाडू कमी पडले म्हणून दूध कमी आहे असं कुणी बाळंतिणीला म्हणू नये, दूध वाढलं ते ओढण्याने आणि रात्रीच्या पिळण्याने. रात्रीचं एक तरी चुकवू नका.

२० तारखेला, सातव्या दिवशी, आशाताई, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. हॉस्पिटलात बाळंतपण झालं असलं तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, हे मला माहीतच नव्हतं, तिसऱ्या दिवशी त्या येऊन कुलूप बघून गेल्या होत्या. झोळीच्या काट्यावर वजन केलं, २४१०. ताप बघितला, नाळ बघितली, आणि शू किती वेळा विचारलं. दिवसाला सहा-सात झाल्या, शी पिवळी झाली तर दूध पोचतंय, बाकी लोक काय म्हणतात ते सोडून दे म्हणाल्या. काटा मात्र एकच ठेवा, हॉस्पिटलचा आणि झोळीचा यात फरक पडतो, वेगवेगळ्या काट्यांचे आकडे शेजारी लिहून मी एक रात्र उगाच जागले.

डावीकडच्या चिरा बऱ्या होत नव्हत्या म्हणून २२ ला पुण्यातल्या एका स्तनपान सल्लागार बाईंना व्हिडिओ कॉल केला, १२०० रुपये, पाऊण तास. त्यांनीही पहिलं तेच सांगितलं, एक अख्खं पाजणं दाखवा. डावीकडे मी परत वाकत होते. बाळीची जीभ बघितली, ठीक होती. स्वतःचं दूध लावून वाळू द्यायचं आणि लॅनोलिन मलमाची ट्यूब, ४८० रुपये. डबा एकदम नाही, दोन दिवसाआड एकेका वेळचा कमी करायचा, लंगोट आणि वजन बघत.

चौदाव्या दिवशी २५८०. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यावं म्हणतात, आमचं अजून साठ ग्रॅम मागे होतं, डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले चढ चांगली आहे, चालू ठेवा. २९ तारखेला शेवटचं डब्याचं दूध दिलं. ३ सप्टेंबरला, एकविसाव्या दिवशी, आशाताईंनी झोळी उचलली आणि काटा २८३० वर थांबला. आई दारात उभी होती, तिने तिथूनच आज्जीला ओरडून सांगितलं.

हे लिहितेय तेव्हा बाळीला तीन महिने होत आलेत. उजवीकडे अजून जास्त येतं, डावीकडे कमी, दोन्ही मिळून तिला पुरतं. बाळीच्या बिलाचा क्लेम ऑक्टोबरात आला, ९,९००, बाकी कशात कापले ते लिहून आलंय. त्या मिरजेच्या सिस्टरना बारशाला बोलावलं होतं, ड्युटी होती म्हणून आल्या नाहीत, पेढे वॉर्डात नेऊन दिले.

नवऱ्याने पहिल्या रात्रीपासून एक शंभर पानी वही ठेवली होती आणि खरं सांगते, "दूध नाही" असं मला वाटायचं तेव्हा त्या वहीनेच धीर दिला. कुणाला करायची असेल तर रकाने असे: वेळ, डावी की उजवी, किती मिनिटं, गिळल्याचा आवाज आला का, वरचं किती मिली आणि कुठलं, शू, शी आणि तिचा रंग. वजन लाल पेनने, काटा कुठला ते कंसात. पेन वहीला दोरीने बांधून ठेवा, रात्री सापडत नाही.